बाटलीवरचा वर्षांचा आकडा पाहून व्हिस्की भेट देऊ नये

दिवाळी जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. व्हिस्की भेट द्यायची असेल तर फार विचार करू नका, असे त्यात म्हटलेले असते. बाटलीवर वर्षांचा आकडा जितका मोठा तितकी ती भारी. घ्यायची तर सिंगल माल्टच घ्या (म्हणजे एकाच भट्टीत, फक्त माल्टपासून, अर्थात मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून बनलेली), ब्लेंड (माल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्कींचे मिश्रण) हलक्या दर्जाची. रंग गडद ती जास्त मुरलेली. भारतीय बाटली देऊ नका, ती मळीची असते. लगेच द्यायची नसेल तर कपाटात ठेवा, लोणच्यासारखी आणखी मुरेल. आणि गोव्याहून आणली तर स्वस्त पडेल. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु त्यावर विसंबून अनेक जण मोठी रक्कम खर्च करतात आणि ती बाटली घेणाऱ्याच्या घरी वर्षानुवर्षे न उघडता पडून राहते, म्हणून यातील विधाने तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान वर्षांच्या आकड्याचे. स्कॉच व्हिस्कीचे सध्याचे नियम २००९ सालचे आहेत आणि त्यांनुसार मद्यार्क स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे राहिल्याशिवाय त्याला स्कॉच म्हणता येत नाही. बाटलीवर १२ असे छापले असेल तर आतील सर्वांत तरुण व्हिस्की किमान १२ वर्षांची आहे एवढेच त्यावरून कळते. पिंप कसले होते, त्यात आधी काय साठवले होते आणि ते कितव्यांदा वापरले गेले, हे त्या आकड्यात नसते. चव मात्र बरीचशी याच गोष्टींवर ठरते. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपातून व्हॅनिला आणि नारळाकडे झुकणारा गोडवा येतो, तर शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातून मनुका, सुके अंजीर आणि लवंगेसारखा मसाला येतो. दमलेल्या, अनेकदा वापरलेल्या पिंपात १८ वर्षे राहिलेली व्हिस्की चांगल्या पिंपातील १० वर्षांच्या व्हिस्कीपुढे फिकी पडू शकते.

शिवाय वय वाढले की काही गुण कमीही होतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील लाफ्रॉइग किंवा आर्डबेग या व्हिस्की पीटच्या (दलदलीत साचलेल्या, इंधन म्हणून जाळल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य मातीच्या) धुरावर वाळवलेल्या बार्लीपासून बनतात. त्यांचा आयोडीनची, जळक्या लाकडाची आठवण करून देणारा वास पिंपातील वर्षांबरोबर मवाळ होत जातो. ज्याला तो धूर मनापासून आवडतो त्याला १० वर्षांची लाफ्रॉइग दिली तर तो खूश होईल, आणि तिच्या कितीतरी पट किमतीच्या २५ वर्षांच्या बाटलीत त्याला हवा असलेला धूर कदाचित मंदावलेला असेल. याहून सोपे उदाहरण हवे असेल तर जॉनी वॉकर ब्लॅक लेबलवर १२ हा आकडा असतो, आणि तिच्याहून कितीतरी महाग असलेल्या ब्लू लेबलवर वयाचा आकडाच नसतो.

भारतीय बाटलीविषयीचे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात अर्धे खरे आहे. स्वस्त भारतीय व्हिस्कीत उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क मोठ्या प्रमाणात असतो आणि व्हिस्की धान्याचीच हवी असा नियम असलेल्या युरोपीय संघात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. पण हा आक्षेप भारतीय सिंगल माल्टला लागू होत नाही. ती पूर्णपणे बार्लीच्या माल्टपासून बनते. बंगळुरूच्या अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ साली भारतात नव्हे तर थेट स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे बाजारात आणली. पुढे अमृत फ्यूजन आली, जिच्यात भारतीय बार्लीबरोबर स्कॉटलंडची पीटच्या धुरातील बार्ली असते. व्हिस्की समीक्षक जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’ या मार्गदर्शक पुस्तकाच्या २०१० च्या आवृत्तीत तिला जगातील तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की म्हटले गेले. गोव्यातील कुंकळ्ळीची पॉल जॉन २०१२ पासून आणि हरियाणातील इंद्री २०२१ पासून बाजारात आहे.

या बाटल्यांपैकी बहुतेकांवर वर्षांचा आकडा नसतो, आणि मजकुरावर विश्वास ठेवणारा ग्राहक नेमका तिथेच फसतो. पिंपातील व्हिस्की दरवर्षी थोडी उडून जाते. स्कॉटलंडच्या थंड हवेत ही घट वर्षाला सुमारे २ टक्के असते. बंगळुरूच्या हवेत ती १० टक्क्यांच्या घरात जाते. साधा हिशेब केला तर १०० लिटरमधून १२ वर्षांनी स्कॉटलंडमध्ये साधारण ७८ लिटर उरतील आणि बंगळुरूत जेमतेम २८. त्याच उष्णतेमुळे लाकूड आणि मद्य यांची देवाणघेवाणही झपाट्याने होते, म्हणून आपल्याकडील पाच-सहा वर्षांची व्हिस्की चवीला पुरेशी पोक्त लागते आणि आणखी ठेवली तर लाकडाचा कडवटपणा तिच्यावर स्वार होऊ लागतो. अमृतने ८, १० आणि १२ वर्षांच्या ज्या मोजक्या बाटल्या काढल्या, त्यांना ‘ग्रीडी एंजल्स’ असे नाव दिले. उडून गेलेला वाटा देवदूत पितात अशी जुनी कल्पना आहे, आणि आपल्याकडचे देवदूत फारच हावरे निघाले. स्कॉटलंडचे वय मोजण्याचे माप कर्नाटकात आणि गोव्यात लावणे म्हणूनच अन्यायाचे आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने तिथल्या यजमानांना पॉल जॉनची बाटली नेऊन दिली तर ती स्कॉचहून कमी दर्जाची भेट ठरत नाही. माझ्या मते ती अधिक विचारपूर्वक दिलेली भेट असते.

रंगाचे विधान लवकर निकालात निघते. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग मिसळायला कायद्याने परवानगी आहे आणि अनेक नामांकित कंपन्या प्रत्येक बाटली एकसारखी दिसावी म्हणून तो वापरतात. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या अशा बाटलीच्या मागच्या लेबलावर, अगदी बारीक अक्षरांत, रंग मिसळल्याचे छापलेले असते. फ्रँकफर्टहून येणाऱ्याने बाटली उलटी करून ते जरूर वाचावे. ज्या कंपन्या रंग घालत नाहीत त्यांतील बऱ्याच जणी तसे लेबलावर आवर्जून लिहितात.

ब्लेंड हलक्या दर्जाची असते, हेही खरे नाही. जगात विकल्या जाणाऱ्या स्कॉचचा मोठा वाटा ब्लेंडचाच आहे, आणि बर्फ व भरपूर सोडा घालून पिण्यासाठी त्या विशेष जुळतात. आपल्याकडे बहुतेक घरांत व्हिस्की अशीच पितात आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. अशा माणसाला नाजूक, जुनी सिंगल माल्ट दिली तर तिचा सगळा बारकावा सोड्यात बुडून जाईल. त्याला ब्लॅक लेबल किंवा शिवास रीगल अधिक सुख देईल.

कपाटात ठेवून मुरवण्याची कल्पना लोणच्याला शोभते, व्हिस्कीला नाही. मुरणे पिंपात होते. बाटलीत भरल्यावर ते थांबते. १२ वर्षांची बाटली वीस वर्षे जपून ठेवली तरी ती १२ वर्षांचीच राहते. उलट ती आडवी ठेवली तर तीव्र मद्यार्काने बूच कुजते, आणि उघडून अर्धी झाली की हवेमुळे चव हळूहळू उतरते. म्हणून बाटली उभी, उन्हापासून दूर ठेवावी.

गोव्याहून आणण्याच्या सल्ल्याबद्दल स्पष्टच लिहितो. गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि सिंधुदुर्गात इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क विभाग त्यासाठी गाड्या तपासतो. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, गुजरातेतही आहे; तिकडे बाटली पाठवून आपण स्नेह्यालाच अडचणीत टाकतो. परदेशातून येताना मात्र प्रत्येक प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, तो सरळ मार्ग आहे.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी तो माणूस पितो का, आणि पीत असेल तर कशी पितो, हे त्याच्या जवळच्या कुणाला तरी विचारावे. सोडा-बर्फ घेणाऱ्याला चांगली ब्लेंड द्यावी. नुसती किंवा चार थेंब पाणी घालून पिणाऱ्याला ४६ टक्के मद्यार्काची, रंग न घातलेली सिंगल माल्ट द्यावी. धूर आवडतो की नाही याची खात्री नसेल तर आयलाकडे वळूच नये. ग्लेनलिव्हेट १२ किंवा पॉल जॉन ब्रिलियन्स यांत धूर नाही आणि त्या सहसा कुणाला नावडत नाहीत. घेताना सील आणि झाकण तपासावे, पक्के बिल मागावे, कारण नामांकित स्कॉचच्या रिकाम्या बाटल्यांत हलकी दारू भरून विकण्याचे प्रकार होतात आणि महागड्या बाटलीवरच बनावट करणाऱ्याचा डोळा अधिक असतो.