भाऊ, पावडर घ्याची का?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावातल्या पोट्ट्यांना दोन गोष्टी सुचतात: पहाटे डांबरी रोडवर पळणं आणि प्रोटीनची पावडर. "भाऊ, पावडर घ्याची का?" या प्रश्नावर माझं उत्तर ठरलेलं आहे: डब्बा उलटा कर. समोरून दिसतो तो नुसता फुगवलेल्या बाहूचा दंड. त्या दंडाचा आतल्या भुकटीशी तेवढाच संबंध, जेवढा बॅनरवरच्या पुढाऱ्याचा आपल्या पांदण रस्त्याशी.

मागच्या तक्त्यात 'प्रति सर्व्हिंग' सोडायचं, 'प्रति 100 ग्रॅम' वाचायचं. व्हे म्हणजे दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये 70 ते 80 ग्रॅम प्रोटीन असतं, जास्त गाळलेल्या आयसोलेटमध्ये 90 च्या आसपास. मास गेनरमध्ये, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरमध्ये, बहुतेकदा 15-20. मग उरलेलं काय? घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन असलं की समजायचं, स्टार्चपासून काढलेली भुकटी आपण दंडाच्या भावात घेतोय. आणि पुढे ठळक छापलेले ते '50 ग्रॅम प्रोटीन'? त्यावर एक चांदणी असते, चांदणीखाली बारीक अक्षरात 'तीन स्कूप, अर्धा लिटर दुधासोबत'. म्हशीच्या अर्ध्या लिटरात 18 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतंच. मेहनत म्हशीची, नाव डब्ब्याचं. शिवाय भरतीत 1600 मीटर पळायचं असते राजा; गेनरनं चढलेलं वजन मैदानाच्या कडेला काढून ठेवता येत नाही.

भाव किलोचा काढू नये, प्रोटीनच्या ग्रॅमचा काढावा. समजा किलोभर व्हे 2400 रुपयांना, त्यात 750 ग्रॅम प्रोटीन. ग्रॅम पडला 3 रुपये 20 पैशांना. 7 रुपयांच्या अंड्यात 6 ग्रॅम, म्हणजे 1 रुपया 17 पैसे. सोयावडी 150 रुपये किलो धरली तर 100 ग्रॅममध्ये 52 ग्रॅम, म्हणजे 29 पैसे. आता इथं हसावं की रडावं? सोयाबीन आपल्याच वावरातलं. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, तोही मिळाला तर. त्याचं तेल निघतं, उरलेल्या पेंडीच्या पिठाची वडी होते, ते पीठ आणखी शुद्ध केलं की सोया प्रोटीन म्हणून डब्ब्यात बसून, चॉकलेटचा वास लावून आपल्याच तालुक्याला परत येतं. (म्हणून कच्चं सोयाबीन भिजवून खायचं शहाणपण कोणी करू नये. त्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो नीट शिजवल्यावरच मरतो.)

लागतं किती? घाम गाळणाऱ्याला वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅम भरपूर झालं. 60 किलोच्या पोट्ट्याला 96. निम्मं वरण, भाकरी, पिठलं, दुधातून निघतं. वर 50 ग्रॅम वडी आणि चार अंडी पडली की हिशेब मिटला. होस्टेलच्या पाणचट वरणावर दिवस काढणाऱ्यानं साधं व्हे घ्यावं, माझी ना नाही. बीसीएए, म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं त्यातल्या तीन अमिनो आम्लांची पावडर, मात्र घेऊ नये. ती तिन्ही अमिनो आम्लं व्हेमध्ये आधीच असतात. अन् जिम सुटल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटात गेलंच पाहिजे म्हणून शेकर हलवत फटफटी पळवायचीही गरज नाही. दिवसाची बेरीज महत्त्वाची.

फार स्वस्त व्हे दिसलं तर जरा थांबा. प्रोटीन नायट्रोजनवरून मोजतात, त्यामुळे ग्लायसिन, टॉरिन असले नायट्रोजनवाले स्वस्त घटक ओतले तरी आकडा फुगतो. घटकांत ही नावं दिसली की डब्बा परत फळीवर. 14 अंकी परवाना क्रमांक नसलेली, 'आठ दिवसांत फरक' म्हणून हातात दिलेली पुडी तर शिवूच नये. तिच्यात स्टिरॉइड असू शकतं, आणि मग फरक पडतो तो भलतीकडेच.

दुकानातल्या बाकी पावडरींत क्रिएटिन मोनोहायड्रेट (हे प्रोटीन नव्हे, स्नायूंना झटक्याची ताकद पुरवणारा घटक) तेवढं खरं काम करतं, रोज 3 ते 5 ग्रॅम. पहिल्या दिवसांत वाढणारं किलोभर वजन हे स्नायूत साठलेलं पाणी असतं, त्याचे पेढे वाटू नयेत. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारावं.

राहिली साठवण. 'थंड व कोरड्या जागी ठेवा' ही सूचना मे महिन्यात टिनाच्या खोलीत बसून वाचण्यासारखी आहे. पावसाळ्यात ओला स्कूप आत गेला की भुकटीचे गोळे होतात. आईची परीक्षा मात्र यातल्या कशावरच नसते: झाकण घट्ट बसते का, अन् वर्षाचं तिखट मावते का. त्यात गेनरचा पाच किलोवाला पहिला येतो.