‘तासभर आत ठेवलं आणि ब्लॉकेज दिसलंच नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. बाबांना हृदयाच्या एमआरआयसाठी डोंबिवलीहून दादरला आमच्या सेंटरवर उपाशीपोटी आणलंत, वेळ ११ची आणि आत घेतलं साडेबाराला. मग तासभर मशीनमध्ये, ‘श्वास रोखा’चा घोष, वर इंजेक्शन, रिपोर्ट दोन दिवसांनी. आणि त्यात ब्लॉकेज किती टक्के ते नाहीच. शेजाऱ्यांचं सीटी स्कॅनमध्ये पाच मिनिटांत दिसलं होतं, म्हणून ‘पैसे पाण्यात’.

उशीर ही आमचीच चूक. आधीच्या पेशंटचे ठोके अनियमित असले की तपासणी लांबते, हे आम्हाला रोजचं आहे. तुम्ही घरून निघायच्या आत फोन जायला हवा होता. माफी मागतो.

बाबांच्या रिपोर्टबद्दल इथे चारचौघांत काहीच लिहिणार नाही. पण काउंटरवरच्या मुलाने ‘यात हृदयाचं सगळं दिसतं’ असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय, आणि खरी गडबड तिथेच झाली. सगळं दिसत नाही. नसांमधलं ब्लॉकेज बघायला सीटी किंवा नेहमीची अँजिओग्राफी लागते. हृदयाच्या एमआरआयचं बळ स्नायूत आहे: पंपिंग किती, सूज आहे का, अटॅकनंतर कुठला भाग जिवंत आहे आणि कुठे नुसता डाग उरलाय. डॉक्टर चिठ्ठीवर ‘व्हायेबिलिटी’ लिहितात ते यासाठी. डाग हृदयाच्या भिंतीच्या निम्म्या जाडीहून जास्त असेल, तर नस उघडूनही तो भाग पुन्हा नीट आकुंचन पावण्याची शक्यता कमी असते. बायपास करायची की नाही, याचा विचार करताना डॉक्टरांना हे हवं असतं, आणि ते नसांच्या टक्केवारीतून कळत नाही.

इंजेक्शनमधलं गॅडोलिनियम (फोटोत फरक दिसावा म्हणून दिलेलं औषध) चांगल्या स्नायूतून लवकर निघून जातं, डागात रेंगाळतं. म्हणून १०-१५ मिनिटं थांबून फोटो घ्यावे लागतात; डाग पांढरा दिसतो, जिवंत स्नायू काळा. ते किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिनच्या (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टसाठी अडवलं होतं. तो हट्ट आम्ही सोडणार नाही.

श्वासाचं म्हणाल तर एकेक फोटो अनेक ठोक्यांतून जुळवला जातो. छाती हलली की तो फराटा होतो. सीटी झटपट होते हे खरं, पण तिच्यात एक्स-रे असतात, एमआरआयमध्ये नसतात. (शेजाऱ्यांनाही आधी ठोके कमी करायची गोळी दिली असेल, ते सांगायला विसरले असतील!) रिपोर्टला दोन दिवस लागले, कारण पंपिंगचा आकडा काढायला बऱ्याच फोटोंत हृदयाच्या कडा आखून तपासाव्या लागतात. घाईत केलेल्या आकड्यावर आमचे रेडिओलॉजिस्ट (हे फोटो वाचणारे डॉक्टर) सही करणार नाहीत.

पैसे परत देता येणार नाहीत. तपासणी पूर्ण झाली आहे. पण ती कशासाठी आहे हे आधी सांगायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही. आता वेळ देताना फोनवरच सांगायला मुलांना बजावलंय, आणि चिठ्ठीचा फोटोही आधीच मागवतो.

शनिवारी ४नंतर रिपोर्टवरच्या नंबरवर फोन करा. आमचे रेडिओलॉजिस्ट बाबांचे फोटो उघडून तुमच्याशी बोलतील, त्याचे पैसे नाहीत. सीडी घेऊन पुन्हा दादरला यायची गरज नाही, फोटो आमच्याकडे आहेत.