बाटली उतरताना द्या

‘विमान उडताना बाळाला दूध पाजा, कान दुखत नाहीत’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य अर्धंच आहे. खरा त्रास उतरताना. केबिनमधला दाब वाढतो, कानाच्या आतली नळी मिटून बसते आणि गिळलं की उघडते. आम्ही सोलापूरहून गाडीनं पुणं गाठून विमान धरलं. दहा महिन्यांच्या लेकीनं उडतानाच बाटली संपवली, उतरताना गाढ झोपेत. मग जी किंचाळत उठली, विचारू नका!

येताना शहाणे झालो. लँडिंगच्या अर्धा तास आधी तिला उठवलं आणि बाटली तेव्हाच काढली. थोरला चार वर्षांचा. तो दोन्ही वेळा आजीनं बांधून दिलेली कडक भाकरी कुडूमकुडूम चावत बसला होता, कानाचं नावसुद्धा काढलं नाही.