मुलांना प्रश्न पडू नयेत म्हणून

सुजाण पालकहो, मुलाला विज्ञानात पैकीच्या पैकी गुण मिळावेत आणि घरात मात्र त्याने ‘का?’ म्हणून विचारू नये, ही आपली अपेक्षा मुळीच अवास्तव नाही. फक्त तिची तयारी वेळेवर सुरू करावी लागते.

आरंभ सत्यनारायणापासून करावा. पोथी चालू असताना मुलाला अगदी पुढे बसवावे, म्हणजे प्रसाद न घेताच नवऱ्याला भेटायला धावलेल्या कलावतीपायी नौका कशी दिसेनाशी झाली, हे त्याच्या मनावर नीट बिंबेल आणि शिऱ्याची वाटी नको म्हणण्याचे धाडस त्याला जन्मात होणार नाही. इतके करूनही एखादे कार्टे विचारतेच, “बाबा, कथेतल्या साधुवाण्याने पूजा घातली, तेव्हा त्याला कुठली कथा सांगितली?” अशा वेळी मदतीसाठी गुरुजींकडे पाहू नये, ते पंचामृत ढवळण्यात गुंतलेले असतात. मुलाच्या हाती झांजा देऊन आरतीला सुरुवात करावी.

संतांची भीती बाळगू नये. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्नावर प्रश्न विचारून नवस-सायासांची सालटी काढीत, ही गोष्ट जरा अडचणीची आहे खरी. तेव्हा मुलाला ‘गोपाला गोपाला’ तेवढे शिकवावे, हातात खराटा द्यावा आणि स्नेहसंमेलनात पहिले बक्षीस मिळवावे. राहता राहिली राज्यघटना. विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि जिज्ञासूवृत्ती बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य असल्याचे कलम ५१ क मध्ये १९७६ सालापासून लिहिलेले आहे आणि पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच ते छापलेलेही असते. ते मुलाकडून तोंडपाठ करून घ्यावे. एकदा पाठ झाले की त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही.

ही पद्धत मी स्वतः अनुभवलेली आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा मी नववीत होतो आणि आम्हाला पृष्ठताण शिकवणारे सर हातात तांब्या घेऊन देवळाच्या रांगेत माझ्या पुढेच उभे होते. चमचा सोंडेला टेकला की दुधाची बारीक धार शेंदरी पोटावरून ओघळून पाटाखाली जात होती. मी सरांना ती दाखवली. त्यांनी ती नीट निरखून पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, “बरोबर आहे. सहामाहीला लिही. आता पुढे सरक, मागे लोक खोळंबलेत.”