मी हसलो, पण कुणाला?

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी 'सभासदांनी पार्किंगमध्ये गाड्या धुऊ नयेत'च्या जागी घाईघाईत 'गाड्यांनी पार्किंगमध्ये सभासद धुऊ नयेत' वाचलं आणि मला हसू फुटलं. बस्स, एवढाच गुन्हा.

"मला हसता काय हो?"

"तुम्हाला नाही, तुमच्याकडे बघून हसलो."

झालं! दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर उठले. आयुष्यभर संस्कृत शिकवलेला माणूस, माइक एकदा हातात आला की सोडत नाही.

"थांबा, आधी विभक्ती बघू. 'त्यांच्याकडे बघून हसला' म्हणजे ओळख दाखवली. 'त्यांना हसला' म्हणजे टिंगल. हसणे हे अकर्मक, मग हा 'ला' आला कुठून? 'तो मला रडला' म्हणतं का कोणी?"

"मेंटेनन्सच्या नावाने रडतात की सगळे," मागून कोणीतरी.

"विषयांतर नको. दात दिसले का यांचे?"

शेजारच्या वहिनींनी लगेच साक्ष दिली, "दिसले ना. खालचे पण."

"मग स्मित बाद. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे 6 प्रकार सांगितलेत. स्मित, हसित उत्तम माणसांचं. विहसित, उपहसित मध्यमांचं. आणि भलत्या ठिकाणी हसणं म्हणजे अपहसित, ते अधमांचं. अतिहसितपण अधमांचंच, पण तेवढे काही हे हसले नाहीत."

म्हणजे सवलत दिली! अख्खी मीटिंग मला हसली, आणि तिथे तो 'ला' अगदी फिट बसत होता. हसू मला आलं, हसं माझंच झालं.

तसं बघितलं तर आपल्याकडे ओठ जरासे हलवले तरी हसणं आणि पोट धरून लोळलं तरी हसणंच, बाकी सगळी हमाली खुदकन, फिदीफिदी, खदाखदाने करायची. स्मित निबंधात करतात, बोलताना कोण करतं? म्हणून तर पोरं सरळ 'स्माइल दिली' म्हणतात.

पण खरा राग याचा नाहीच. माझ्या बाथरूममध्ये वरच्या फ्लॅटमधून पाणी गळतंय, तो विषय अजेंड्यावर शेवटी होता, आणि या सहा प्रकारांच्या नादात तो गेला पुढच्या मीटिंगला. मिनिट्समध्ये मात्र 'सेक्रेटरींना हसून कामकाजात व्यत्यय आणला' अशी ओळ आलीय, मास्तरांनी शुद्धलेखन तपासून दिलेली. मी बादली लावून बसलोय, आणि मेंटेनन्स भरायला जरा उशीर झाला की व्याज लावतात, ते कुठल्या हिशोबाने विचारलं तर म्हणे लेखी अर्ज द्या.