रक्त काढून गावाला काय मिळालं?

नमस्कार. पेरू देशातल्या तुंबेसमधल्या पट्टकृमी मोहिमेवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: गरिबांचं रक्त काढायचं, पॉझिटिव्ह सांगून घाबरवायचं, हा उद्योग कशाला? सरसकट जंताची गोळी द्या आणि मोकळे व्हा.

पट्टकृमी हा डुकराच्या मांसातून येऊन माणसाच्या आतड्यात वाढणारा लांब जंत. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात; ती डुकराच्या पोटात गेली की त्याच्या मांसात गाठी होतात, आणि माणसाच्या पोटात गेली तर मेंदूतही होऊ शकतात.

अर्धा मुद्दा मान्य. पॉझिटिव्ह म्हणजे डोक्यात गाठ, असं नाहीच. ही चाचणी रक्तातल्या अँटीबॉडीज, म्हणजे या जंताविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं, शोधते; तिच्या अरुंद पट्टीवर सात ठरलेल्या रेघा बघतात. एक उमटली तरी पॉझिटिव्ह. अंडी पोटात गेली आणि शरीरानं त्यांचा परस्पर निकाल लावला, तरी रेघ उमटू शकते. पेरू आणि कोलंबियाच्या खेड्यांत पॉझिटिव्ह आलेले सुमारे ४० टक्के लोक नंतरच्या तपासणीत निगेटिव्ह निघाले. उलट मेंदूत एकच गाठ असलेला, फिट येणारा माणूस या चाचणीतून निसटू शकतो. नुसत्या रिपोर्टवरून कुणाला रोगी ठरवू नये, यात आपलं दुमत नाही.

पण म्हणून रक्तच काढू नका? मग गावात अंडी फिरताहेत की नाही, हे कळणार कसं? खरी बातमी तर डुकरांचं रक्त देतं. आईकडून आलेल्या अँटीबॉडीज ओसरल्यावरही कोवळं पिल्लू पॉझिटिव्ह आलं, तर पट्टकृमी पोटात असलेलं कुणीतरी अलीकडेच उघड्यावर शौचाला बसलंय, अशी दाट शंका घ्यायची. तुंबेसमध्ये २००४ ते २०१० या काळात काम चाललं. शेवटी रक्तात पॉझिटिव्ह आलेली डुकरं कापून, मांस चिरून जिवंत गाठी शोधल्या. १०७ पैकी १०५ गावांत प्रसार थांबलेला आढळला. कुठलं डुक्कर कापायचं, ते रक्तानं सांगितलं.

आणि गोळी म्हणाल, तर ती तिथे सरसकट दिलीच होती. पण कुठली? प्राझिक्वांटेल रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं. तिथे गुपचूप पडलेली गाठ मरायला लागली की सूज येते, आणि धडधाकट माणसाला फिट येऊ शकते. म्हणून निक्लोसामाइड वापरलं, ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. जोडीला डुकरांनाही गाठी मारणारं औषध, ऑक्सफेंडाझोल. नुसत्या माणसांना गोळ्या वाटल्या तर डुकरांतल्या गाठी पुन्हा ताटात येणारच.

तुमचा राग मला पटतो तो एकाच ठिकाणी: रक्त नेतात आणि पुढे कुणी काही सांगत नाही. सुई टोचण्याआधीच सांगायला हवं की हा हिशेब गावाचा आहे. रिपोर्ट आल्यावर फिट येते का, डोकं सतत दुखतं का, एवढं विचारायचं. येत असेल तर सीटी स्कॅनची सोय करायची, आणि ती नसेल तर रक्त काढायला जायचंच नाही.