‘कॉपी करू नको असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय?’

परीक्षा जवळ आल्या की ख्रिस्ती मुलामुलींच्या फोनवर एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो. त्याचा गाभा असा: ‘कॉपी करू नको’ असं बायबलमध्ये कुठेच नाही, सुइणी आणि राहाब खोटं बोलल्या, याकोबाने तर बापाला फसवलं, तरी देवाने त्यांचं भलंच केलं, मित्राला उत्तर दाखवणं ही प्रीती आहे, सगळेच करतात, आईवडिलांचा मान राखायचा तर मार्क हवेतच, आणि चुकलंच तर देव क्षमाशील आहे. हे जुळवणाऱ्याला वचनं बऱ्यापैकी पाठ आहेत. त्यामुळे नुसतं ‘पाप आहे’ म्हणून दटावून भागत नाही, वचनंच उघडावी लागतात.

‘बायबलमध्ये तसा शब्दच नाही’

नाही, हे खरं. पण उत्तरपत्रिका म्हणजे काय ते जरा पाहू. वर नाव किंवा क्रमांक, खाली उत्तरं. दोन्ही मिळून एकच विधान होतं: ‘एवढं मला येतं.’ तपासणारा त्या विधानावर विसंबून गुण देतो आणि त्या गुणांवर कुणाचा तरी पुढचा प्रवेश ठरतो. म्हणजे ही साक्ष झाली, आणि ‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही दहा आज्ञांपैकी एक निर्गम 20:16 मध्ये आहे. लेवीय 19:11 मध्ये चोरी, फसवणूक आणि खोटं बोलणं एकाच दमात येतात. त्याच अध्यायात 35 आणि 36 या वचनांत वजनं-मापं खरी ठेवायला सांगितलं आहे. मार्क हे मापच आहे. त्या आज्ञेतला ‘शेजारी’ इथे कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: स्वतःच्या बळावर लिहून यादीत एका जागेने खाली सरकलेला मुलगा.

‘सुइणी, राहाब, याकोब यांचं काय?’

शिप्रा आणि पुवा या सुइणींना मिसरच्या राजाने, फारोने, इस्राएली बायकांना जन्मणारे मुलगे मारायला सांगितलं होतं; त्यांनी ते जगवले आणि फारोला खोटं सांगितलं. यरीहोतल्या राहाबेने इस्राएलच्या हेरांना घरात लपवून राजाच्या माणसांना खोटं सांगितलं तेव्हा तिचा स्वतःचा जीव पणाला लागला होता. तिथे प्रश्न दुसऱ्याच्या प्राणाचा होता, आपल्या टक्क्यांचा नव्हे. त्यातही चर्चचा जुना धर्मपंडित ऑगस्टीन याने इ.स. 420 च्या सुमारास लिहिलं की या स्त्रियांना देवाने प्रतिफळ दिलं ते त्यांच्या दयेबद्दल, खोटं बोलण्याबद्दल नाही. सगळ्यांना हे पटत नाही. पण ज्यांना पटत नाही तेही या दाखल्यावरून चिठ्ठी खिशात घालायची परवानगी देत नाहीत.

याकोबाचा दाखला मात्र निवडणाऱ्याच्याच अंगावर येतो. उत्पत्तीचा 27 वा अध्याय नीट वाचावा. थोरल्या एसावाचा आशीर्वाद याकोबाला मिळावा म्हणून आई रिबका करडांची कातडी त्याच्या हातांवर आणि गुळगुळीत मानेवर चढवते, त्याला एसावाचे कपडे घालते. आंधळा बाप इसहाक चाचपून म्हणतो, आवाज याकोबाचा, पण हात एसावाचे. आशीर्वाद मिळतो, आणि त्यापाठोपाठ घर सुटतं. पुढे मामा लाबान याकोबालाच फसवतो, लग्नात धाकट्या राहेलऐवजी थोरली लेआ देतो. चौदा वर्षं लाबानाच्या या मुलींसाठी आणि सहा कळपासाठी, अशी वीस वर्षं राबण्यात जातात.

चॅटबॉटकडून निबंध लिहून घेतला की प्रकार हाच, फक्त उलटा: हात आपले, आवाज परका. शिक्षकांना तो आवाज ऐकू येतो. वर्गात चार ओळी अडखळत लिहिणाऱ्याच्या वहीत अचानक घोटीव परिच्छेद येतात, मुद्दे सगळे सारख्याच लांबीचे असतात, आणि संदर्भ म्हणून दिलेलं पुस्तक कधी कधी अस्तित्वातच नसतं. मदत घ्यायला शाळेची परवानगी असेल तर समजावून घ्यावं, चॅटची खिडकी बंद करावी, अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग स्वतः लिहावं. कुठे मदत घेतली तेही एका ओळीत नोंदवावं. अर्ध्या तासानंतर काहीच सुचत नसेल, तर ते समजलेलं नव्हतं, नुसतं वाचलेलं होतं.

‘एकमेकांची ओझी वाहा असं पौलच म्हणतो’

म्हणतो, गलती 6:2 मध्ये. तीनच वचनं पुढे, 6:5 मध्ये, तो म्हणतो की प्रत्येकाने आपापला भार वाहावा. ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत: पहिला ‘बारोस’, म्हणजे माणसाला दाबून टाकणारं वजन, दुसरा ‘फोर्तिऑन’, म्हणजे ज्याचं त्याने न्यायचं गाठोडं. आजारपणात बुडालेले धडे शिकवणं हे पहिल्यात मोडतं, पेपर सोडवणं दुसऱ्यात. शिवाय दाखवलेलं उत्तर बहुतेक वेळा चुकांसकट जातं. गणितात तिसऱ्या पायरीला उणेचं अधिक झालेलं असतं आणि दोन्ही पेपरांत ते त्याच जागी सापडतं. मग तपासणाऱ्याला कोणी कोणाचं पाहिलं ते कळत नाही आणि दोघेही अडकतात.

आयत्या वेळी नाही म्हणणं जड जातं, म्हणून वाक्य आधीच ठरवलेलं बरं: ‘पेपरात नाही दाखवणार, पण उद्या संध्याकाळी तासभर बसू.’ आणि खरंच बसावं, नाहीतर ती पळवाट ठरते. गृहपाठ मिळून करताना चर्चा तोंडी करावी, कच्चे कागद फाडून टाकावेत आणि पक्कं उत्तर आपापल्या जागी लिहावं.

‘सगळेच करतात’

अमेरिकेत डोनाल्ड मॅकेब यांनी शालेय विद्यार्थ्यांची पाहणी केली. 70,000 हून अधिक मुलं होती. कुठल्या ना कुठल्या प्रकारे फसवल्याचं 95 टक्क्यांनी मान्य केलं, परीक्षेत कॉपी केल्याचं 64 टक्क्यांनी. आकडा भयंकरच आहे. पण दर तीन मुलांमागे एकाने पेपरात कॉपी केल्याचं म्हटलं नाही, हेही त्यातच दिसतं. ‘सगळेच’ मधून तो एक नेहमी गळतो.

‘आईवडिलांचा मान राखायचा तर मार्क हवेत’

इफिस 6:1 मधली आज्ञापालनाची आज्ञा ‘प्रभूमध्ये’ पाळायची आहे, आणि 6:4 मध्ये पौल वळून बापांनाच सांगतो की मुलांना चिडीला आणू नका. कलस्सै 3:21 मध्ये कारणही आहे: ती खचतील. हे दुसरं वचन घरात फारसं वाचलं जात नाही, असा आमचा अंदाज आहे.

दडपणाबद्दल बोलायचं तर निकालानंतर नाही, परीक्षेच्या तीन आठवडे आधी, आणि कागद हातात घेऊन. प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: मागचे गुण, अडलेले धडे, उरलेले तास. ‘मला टेन्शन आलंय’ या वाक्यावर घरात उपदेश सुरू होतो. ‘रसायनाचे चार धडे राहिलेत आणि आठच तास आहेत’ यावर हिशेब सुरू होतो. झोप त्या तासांत मोडायची नाही. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास लागतात, आणि रात्री साडेअकराला, सकाळी द्यायचा निबंध कोरा असताना, मोह सर्वात स्वस्त वाटतो.

मोठ्यांच्या बाजूनेही एक विधान फिरतं: ‘विश्वासात पक्का असेल तर मोह होणारच नाही.’ हेही टिकत नाही. हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी 1928 मध्ये सुमारे 11,000 मुलांच्या चाचण्यांचा निष्कर्ष मांडला: एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवतं, परिस्थितीचा वाटा मोठा असतो, आणि संडे स्कूलची हजेरी यात फारशी कामाला येत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात (10:13) मोहाबरोबर निभावण्याचा मार्गही दिला जातो, असं आहे. मालक पोटीफरची बायको मागे लागली तेव्हा योसेफाने तो मार्ग पायांनी शोधला, तो पळाला.

अभ्यासात तो मार्ग आठवडाभर आधी असतो. 25 मिनिटं वाचावं, पुस्तक मिटावं, 10 मिनिटं आठवेल ते लिहावं. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी परत. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने 40 टक्के आठवलं, वाचून नंतर आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते. म्हणून वाचूनच सगळं येतंय असं वाटतं आणि माणूस फसतो. दानीएलला देवाने ज्ञान दिलं हे दानीएल 1:17 मध्ये आहे, पण बाबेलच्या दरबारातलं तीन वर्षांचं शिक्षण 1:5 मध्ये, आधी आहे. आणि पेपरात डोकं रिकामं झालंच तर पेन खाली ठेवून नजर आपल्याच कागदावर ठेवावी, प्रश्न सोडून पुढे जावं, परत येऊन सूत्र किंवा आकृती जेवढी येते तेवढी मांडावी. अर्धे गुण आपले असतात.

‘देव क्षमा करतो’

करतो. पण ‘नंतर कबूल करू’ हे आधीच ठरवून कॉपी करण्याला रोम 6:1 आणि 2 मध्ये सरळ नकार आहे. आणि झाल्यानंतरची कबुली प्रार्थनेपुरती ठेवली तर गुण आपल्याकडेच राहतात. लेवीय 6:5 मध्ये घेतलेलं परत करून वर पाचवा हिस्सा भरायचा आहे, आणि लूक 19:8 मधला जकातदार जक्कय फसवून घेतलेलं चौपट परत देतो.

म्हणून आधी घरी सांगावं, मग शक्यतो निकालाआधी शिक्षकांना एकटं भेटावं. तीन वाक्यं पुरतात: कोणता पेपर, कोणता प्रश्न, कुठून घेतलं. कारणं जोडली की कबुलीची सबब होते. मित्राचं नाव घ्यायचं नाही, त्याची कबुली त्याची. त्या प्रश्नाचे गुण काढावेत असं स्वतःहून म्हणावं. पूर्ण पेपर शून्य झाला तर घासाघीस करू नये. आणि पुढच्या पेपराला पहिल्या बाकावरची जागा मागून घ्यावी. तिथून पाहायला समोर फक्त फळा असतो.